कॅनोलातली वेगळी झाडं आणि बियाण्यावरचा संशय : हंगामभराच्या प्रकल्प नोंदी

१२ मे

कॅनोलाची (मोहरीवर्गातलं तेलबियांचं पीक) पेरणी तोंडावर आलीये आणि आज दिवसभर शेडमध्येच काम केलं, पिशव्यांवरचे टॅग, लॉट नंबर, औषध लावल्याची तारीख, सगळ्याचे फोटो. बियाण्याची तक्रार नेहमी येते ती फुलोऱ्यात नाहीतर शेंगा भरताना, आणि तोपर्यंत पिशव्या जाळून झालेल्या असतात, टॅग गेलेले असतात, कुठला लॉट कुठल्या तुकड्यात पेरला ते कुणालाच आठवत नाही. मग नुसती भांडणं होतात, निदान काही होत नाही. आपल्या प्रकल्पाचा सगळा जीव यातच आहे, की वेगळं झाड दिसलं तर ते पिशवीतून आलं, की आधीपासून जमिनीत पडून होतं, की पेरल्यानंतर शेतात बिघडलं, हे पुराव्यासकट सांगता आलं पाहिजे.

तीन लॉट आहेत. अ आणि ब यंदाचे, क म्हणजे मागच्या हंगामात उरलेलं, औषध लावलेलं बियाणं. प्रत्येकाचा नमुना वेगवेगळ्या पिशव्यांतून थोडा थोडा काढून, मिसळून, सीलबंद करून थंड कोरड्या जागी ठेवलाय. वरवरचा एक मूठभर नमुना काढून चालत नाही, वाहतुकीत हादऱ्यांनी बारीक दाणे खाली बसतात.

हजारी वजन, म्हणजे हजार दाण्यांचं वजन : अ ५.२ ग्रॅम, ब ४.१, क ४.३. हे मुद्दाम लिहून ठेवतोय कारण मशीन एकाच सेटिंगवर ठेवून हेक्टरी ५ किलो टाकलं तर अ चे चौरस मीटरला ९६ दाणे पडतात आणि ब चे १२२, म्हणजे नंतर विरळ दिसलं की अ वर आळ येणार आणि त्यात बियाण्याचा काही दोष नसणार. हिशोब सोपा आहे, चौरस मीटरला किती झाडं हवीत त्याला हजारी वजनाने गुणा आणि किती टक्के जगतील त्या आकड्याने भागा, उत्तर हेक्टरी किलोत मिळतं. ७० झाडं, ६० टक्के जगणार असं धरलं तर अ साठी ६ किलोच्या आसपास, ब साठी ४.८. तसंच सेट करून दिलं.

१६ मे

उगवणीचे रिपोर्ट आले. तिन्ही लॉट ९० च्या वर. कॅनडात सर्टिफाइड नंबर १ ला किमान ९० टक्के लागतं, त्या मापाने तिन्ही पास.

पण हा आकडा म्हणजे काय ते नीट समजून घेतलं पाहिजे. लॅबमध्ये ४०० दाणे ओल्या कागदावर, त्यांना आवडेल अशा उबेत ठेवतात, ७ दिवसांनी मोजतात, आणि फक्त नॉर्मल रोपंच धरतात. मूळ खुंटलेलं, देठ काचेसारखं पारदर्शक झालेलं, बीजदलं अर्ध्याहून जास्त खराब, अशी रोपं ‘ॲबनॉर्मल’ मध्ये जातात, म्हणजे दाणा फुटला तरी उगवणीत धरत नाहीत. शेतात मे महिन्याची माती थंड असते, वर पापुद्रा धरते, त्यामुळे ९२ टक्केवाला लॉटसुद्धा शेतात ५०-६० टक्क्यांवर येणं हे कॅनोलात अगदी नेहमीचं आहे. ‘९२ सांगितलं होतं, निम्मंच उगवलं’ या एका वाक्यावर बियाण्याला दोष देता येत नाही.

म्हणून जोमाची चाचणी पण सांगितली होती, थंडीत ठेवून. त्यात अ आणि ब फार खाली आले नाहीत, क मात्र चांगलाच घसरला. लॅबमधल्या ताईंनी फोनवर सांगितलं, ‘मुळं निघतायत पण आखूड आणि जाड, टोकं तपकिरी, उबेत बरं दिसतंय म्हणून भरवसा ठेवू नका.’ औषध लावलेलं बियाणं वर्षभर पडून राहिलं की आधी जोम जातो, उगवणीचा टक्का नंतर पडतो. टॅगवर ही गोष्ट कधीच दिसत नाही, आणि मला वाटतं बियाण्याच्या निम्म्या खऱ्या तक्रारींचं मूळ इथे आहे, वेगळ्या झाडांमध्ये नाही.

३० मे

उगवण मोजली. अ आणि ब ठीक, साधारण ६० टक्के. क मध्ये चाळिशीच्या आसपास, तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, हात-हातभर मोकळ्या जागा.

मोकळ्या जागी सुरीने उकरलं. नुसतं वरून बघून काही कळत नाही, दाणा सापडला पाहिजे. दाणाच नाही तर मशीनची नळी तुंबली असेल. दाणा आहे पण फुगलेला, मऊ, दाबला की पांढरा चिकट लगदा निघतो, तर तो कुजला. कोंब खाली वळून गुंडाळी झालाय तर खोल गेला किंवा पापुद्रा फोडता आला नाही (खोली १ ते अडीच सेंटिमीटरच हवी, कॅनोलाच्या दाण्यात साठा तो केवढा). दाण्याभोवती खताचे गोळे आणि मुळाचं टोक करपलेलं तर खत बियाण्याच्या फार जवळ पडलंय. आज क मध्ये बहुतेक दाणे फुटलेले पण कोंब अर्ध्यावर थांबलेले सापडले, खोली बरोबर होती, खत बाजूला होतं.

एक शंका उरते ती मशीनच्या पंख्याची. हवेने बियाणं ढकलणाऱ्या मशीनमध्ये पंखा जास्त जोरात ठेवला तर दाणे नळीत आपटून टरफल तडकतं. पेरताना क चा एक नमुना टाकीतून आणि एक थेट नळीच्या तोंडातून धरून ठेवला होता, दोन्ही शेजारी शेजारी उगवायला घातले, फरक नाही. म्हणजे मशीन सुटलं. क चं प्रकरण खरंच बियाण्याच्या जोमाचं आहे.

कोवळ्या रोपांवर मध्ये एक रात्र दव गोठलं होतं. बीजदलं काळवंडली म्हणून पीक मोडायची घाई करायची नाही, कॅनोलाचा शेंडा दोन बीजदलांच्या मधेच उघडा असतो, चार-पाच दिवस थांबून तिथे हिरवं ठिपकं दिसलं की रोप जगलं. आज बघितलं, बहुतेक जगलीयेत. फ्ली बीटलचे (पानं खाणारा बारीक भुंगेरा) गोल खड्डे आहेत पण मर्यादेत.

११ जून

मोठ्या तुकड्याच्या बांधालगत रोपं खुजी, जांभळट, मधली पानं पिवळी आणि वाटीसारखी वळलेली. फोन आला तो ‘बियाण्यात भेसळ आहे’ असाच.

खाली बसून रोप बघायच्या आधी गाडीच्या टपावर चढून तुकडा बघितला. खुजेपणा सरळ पट्ट्यात आहे, फवारणी मशीनच्या बूमएवढ्या (नोझल बसवलेल्या आडव्या दांड्याएवढ्या) रुंदीचा, फाटकापासून सुरू होतो आणि पुढे जात जात फिका होतो. बियाणं असं वागत नाही. बियाण्याचा दोष असेल तर तो पेरणी मशीनच्या रुंदीने दिसेल, किंवा जिथे लॉट बदलला तिथे रेघ मारल्यासारखा थांबेल, किंवा सगळीकडे सारखा शिंपडलेला असेल. फाटकापासून सुरू होऊन विरत जाणारं म्हणजे टाकीत किंवा नळ्यांत आधीच्या फवारणीचा अंश राहिलेला. आधी गव्हावर गेलेलं औषध एएलएस गटातलं (झाडातलं एएलएस नावाचं एन्झाइम अडवणारं तणनाशक) निघालं, ते ग्रॅममध्ये वापरायचं असतं त्यामुळे गाळणीत अडकलेलं किंचितसंही पुरतं.

तणनाशकाच्या खुणा एका जागी लिहून ठेवतो. ग्लुफोसिनेट न सोसणाऱ्या झाडावर पडलं तर तीन-पाच दिवसांत पानं करपतात. ग्लायफोसेट हळू, आधी शेंडा आणि नवी पानं पिवळी, मरायला एक ते तीन आठवडे. २,४-डी सारख्या हार्मोनवाल्यांनी देठ पिळवटतात, खोड सुजतं, चिरतं. एएलएसवाल्यांनी झाड मरत नाही पण खुजं आणि जांभळं होऊन बसतं, नंतर उशिरा फुलतं आणि फांद्या फार काढतं, आणि हाच नमुना पुढे जुलैत ‘वेगळं झाड’ म्हणून पुढे येतो. त्या पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून जीपीएस नोंदवलंय.

२५ जून

खोड वर निघायला लागलंय. तासांच्या मधल्या जागेत कॅनोला दिसतोय, म्हणजे न पेरलेला, मागच्या पिकाचा सांडलेला. मालकांना विचारलं तर या तुकड्यात तीन वर्षांपूर्वी हायब्रीड कॅनोला होता. ‘अहो पण तीन वर्षं झाली की, मध्ये दोन पिकं झाली.’

तीन वर्षं या पिकासाठी काहीच नाही. ताज्या दाण्याला झोप नसते, ओल मिळाली की उगवतो, पण काढणीनंतर लगेच मातीखाली गाडला गेला, अंधार आणि कोरड मिळाली, की त्याला दुय्यम सुप्तावस्था येते आणि मग तो वर्षानुवर्षं वाट बघतो. सांडतं किती त्याचा हिशोब मालकांसमोर कागदावर केला. हेक्टरी १०० किलो सांडले, आणि एवढं सहज सांडतं, तर चौरस मीटरला १० ग्रॅम, हजारी वजन साडेतीन धरलं तर जवळजवळ २,८५० दाणे. आपण पेरतो शंभर-सव्वाशे. आकडा बघून ते बराच वेळ गप्प होते.

आत्ताच तासातली आणि तासाबाहेरची झाडं वेगवेगळ्या रंगाच्या फितींनी बांधली. पुढे फांद्या एकमेकांत गेल्या की कोण कुठलं ते कळणार नाही, खोडाच्या बुडाशी बघावं लागेल.

५ जुलै

फुलोरा. आजची नोंद मोठी होणार.

पिवळ्या शेतात डोकं वर काढून काही झाडं आहेत, इतरांपेक्षा वीतभर उंच, फुलं लहान आणि पाकळ्या अरुंद, खालच्या फुलांच्या जागी काडीसारख्या बारीक शेंगा, काही नुसते देठ. मालकांचं म्हणणं, बियाणं फसवं आहे.

एक फूल तोडून भिंगाखाली उघडलं. कॅनोलाच्या चांगल्या फुलात चार पाकळ्या, आणि आत सहा पुंकेसर, चार लांब आणि दोन आखूड. लांब चारांचे परागकोश कुक्षीच्या (स्त्रीकेसराच्या टोकाच्या) उंचीला येतात, उघडले की पिवळी भुकटी बोटाला लागते. या फुलात सहाही पुंकेसर होते, पण सगळे बुटके, कुक्षीच्या अर्ध्यापर्यंतही नाहीत, परागकोश पांढरट, बाणाच्या टोकासारखे सुकलेले. काळ्या कागदावर झटकलं, एक कणही पडला नाही. शेजारच्या नॉर्मल झाडाचं फूल त्याच कागदावर झटकलं तर पिवळा डाग. स्त्रीकेसर मात्र दोन्हीकडे धडधाकट. म्हणजे झाड नरवंध्य आहे, आजारी नाही. उभ्या उभ्या शंभर फुलं बघण्यापेक्षा असं एक फूल नीट उघडलेलं बरं.

आता नरवंध्य झाड शेतात येतं कुठून? हायब्रीड बियाणं करायला मादी ओळ मुद्दाम नरवंध्य ठेवतात. ओगुरा पद्धतीत वंध्यत्व पेशीद्रव्यात असतं, ते मूळचं मुळा या भाजीतून आणलेलं, आणि नर ओळीतला पुनर्स्थापक जीन ते झाकतो, त्यामुळे शेतकऱ्याच्या शेतातलं हायब्रीड पराग देतं. बियाणं तयार करताना मादीला ठरलेल्या नराऐवजी दुसराच पराग लागला तर त्या दाण्यातून वंध्य झाड येतं, आणि तो बियाण्याचाच दोष. पण दुसरी वाट पण आहे. हायब्रीडमध्ये पुनर्स्थापक जीनची एकच प्रत असते, ते सांडून पुढच्या पिढीत उगवलं की चारातल्या एकाला ती प्रत मिळत नाही आणि ते झाड वंध्य निघतं. (बार्नेज-बार्स्टार या हायब्रीड करायच्या दुसऱ्या पद्धतीत हे प्रमाण याहून बरंच कमी येतं, त्यामुळे आधी कुठलं हायब्रीड होतं ते विचारायचंच.)

म्हणजे बघायचं इतकंच की वंध्य झाडं तासात आहेत की बाहेर. बुडाशी वाकून फिती बघितल्या. जवळजवळ सगळी तासाबाहेरची. आणि तासाबाहेरच्या एकूण झाडांत वंध्य साधारण चौथाई. तीन वर्षांपूर्वीचं हायब्रीड ओगुरा पद्धतीचंच होतं. शिवाय त्यांची दाटी शेतभर सारखी नाही, जुन्या काढणीची मशीन ज्या दिशेने गेली त्या पट्ट्यांत जास्त.

हे सगळं मालकांना शेतातच दाखवलं, भिंग त्यांच्या हातात देऊन. ‘मग या झाडांना शेंगा धरणारच नाहीत?’ धरतील, शेजारी परागाची कमतरता नाही, मधमाश्या आणि वारा काम करतात, फक्त ती जास्त दिवस फुलत राहतील आणि उशिरा पिकतील.

९ जुलै

ब लॉटमध्ये मात्र वेगळंच. तिथे तासातच, अगदी ओळीत, अधूनमधून एक झाड आधी फुललेलं आणि उंच, पानाचा देठाकडचा भाग वेगळ्या ठेवणीचा, पराग भरपूर. कमी आहेत, पण कुठेही मोजलं तरी प्रमाण तेवढंच येतंय, आणि ब पेरलेल्या दुसऱ्या तुकड्यातही तेवढंच, जिथे याआधी कॅनोला कधी झालाच नाही. लॉट बदलल्याच्या रेघेपलीकडे एकही नाही. ही सगळी लक्षणं पिशवीकडे बोट दाखवतात.

आजच ब आणि अ चे सीलबंद नमुने फोडून काचघरात ग्रो-आउट लावलं, म्हणजे ते दाणे पेरून झाडं शेतातल्यासारखीच येतात का ते बघायचं. शेतात कितीही खात्री वाटली तरी बियाण्यावर ठपका ठेवायचा तर राखलेल्या नमुन्यातून तीच झाडं पुन्हा उगवून आली पाहिजेत.

१३ जुलै

दोन छोट्या गोष्टी. टेकाडावर हलक्या जमिनीत फुलं फिकी, पांढरट, नवी पानं वाटीसारखी आणि कडा जांभळ्या. गंधकाची कमतरता. गंधक झाडात जुन्या पानातून नव्यात सहज सरकत नाही म्हणून आधी वरची पानं बोलतात, नत्राची कमतरता असती तर खालची बोलली असती. पानांचा नमुना पाठवला.

आणि काही कळ्या फुगून बाटलीसारख्या, उघडतच नाहीत. नखाने फोडली तर आत बारीक अळ्या. कॅनोला फ्लॉवर मिज नावाची बारीक माशी, स्वतंत्र जात म्हणून हिचं वर्णन २०१९ मध्ये झालं, त्याआधी सगळे तिला स्वीड मिज ही दुसरी माशीच समजायचे. बियाण्याशी संबंध नाही. क्लेथोडिम हे तणनाशक उशिरा मारलं तरी कळ्या वाकड्या होतात, पण त्यात आत अळी नसते, म्हणून कळी फोडायचीच.

२१ जुलै

चार-पाच दिवस पारा तिशीच्या वर होता. मुख्य खोडावर मधेच शेंगांची सलग रांग गायब, वर पुन्हा शेंगा. फुलोऱ्यातला उष्माघात. सगळ्या लॉटमध्ये, सगळ्या झाडांवर एकाच उंचीला, म्हणजे त्या दिवशी उघडलेली फुलं गेली. असा प्रकार नोंदीत नसला की महिन्याभराने हाच ‘शेंगा न धरणारं वाण’ होतो.

२९ जुलै

आज पहिल्यांदा ती फुगीर शेंगांची झाडं सापडली. शेंड्याकडे शेंगेच्या जागी पोकळ, फुग्यासारख्या पिशव्या, निळसर हिरव्या, काहींवर जांभळी झाक, बोटांनी दाबली की फट् करून फुटते, आत दाणा नाही. काही फुलांच्या पाकळ्या हिरव्या पानांसारख्या झालेल्या. खालच्या फांद्यांवरच्या शेंगा बऱ्याच अंशी ठीक. हे ॲस्टर यलोज, फायटोप्लाझ्माचा (एक प्रकारच्या अतिसूक्ष्म जिवाणूंचा) रोग, तुडतुडे पसरवतात. तिळावर आपण ज्याला पर्णगुच्छ म्हणतो तो याच जातकुळीतला, त्यामुळे मराठी शेतकऱ्याला दाखवलं तर तो लगेच ओळखेल.

लागण केव्हा झाली ते झाडच सांगतं. लहानपणी झाली तर पूर्ण झाड वांझ, उशिरा झाली तर फक्त शेंडा. शेंगांचं वजन नसल्यामुळे पीक आडवं झाल्यावरही ही झाडं ताठ उभी राहतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतात, म्हणून प्रत्यक्षात दोन-चार टक्केच असली तरी वाटतं अर्धं शेत गेलं. म्हणून मोजायचंच, अंदाजाने बोलायचं नाही. एखाद्या वर्षी मात्र खरंच खूप येतो, पश्चिम कॅनडात २०१२ ला मोठा उद्रेक झाला होता.

बियाण्यातून हा रोग पुढे जात नाही हे मालकांना तीनदा सांगितलं, कारण त्यांच्या मनात पिशवीच बसलीये. बांधाकडून आत येताना प्रमाण कमी होत जातं, तिन्ही लॉटमध्ये सारखं, तुडतुडे बांधावरच्या तणांतून आत येतात त्याला हे धरूनच आहे. पांढऱ्या तांबेऱ्यातही शेंडा सुजून वाकडा होतो पण तिथे पांढऱ्या पुटकुळ्या आणि खडूसारखी भुकटी असते, इथे काहीच नव्हतं. झाडाचे शेंडे थंड पेटीतून पीसीआरला पाठवले, प्लॅस्टिकमध्ये उन्हात कुजवून पाठवले तर लॅबलाही काही करता येत नाही.

३ ऑगस्ट

अ च्या तुकड्यात एक झाड, झुडपासारखं, फांद्याच फांद्या, अजून भरगच्च फुललेलं आणि फुलं इतकी इवलीशी की नॉर्मल फुलाच्या निम्मी. एकही शेंग नाही, शेजाऱ्याचा पराग हातानं लावून पंधरवडाभर पिशवी बांधली होती तरी नाही. हा फरक महत्त्वाचा, नरवंध्य झाडाला बाहेरचा पराग दिला की शेंग धरते, याला नाही.

हे हॅप्लॉइड असणार. कॅनोलात ३८ गुणसूत्रं असतात, एक बाजू ब्रासिका रापाची आणि एक कोबीच्या जातीची, आणि कधीतरी फलन न होताच बीजांडातून गर्भ वाढतो तेव्हा झाड निम्म्यावर, १९ वर उभं राहतं. जोडीदार नसल्यामुळे गुणसूत्रं नीट वाटली जात नाहीत आणि पराग-बीजांड दोन्ही निकामी. पानाच्या खालच्या बाजूची साल काढून पर्णरंध्रं बघितली, शेजारच्या झाडापेक्षा लहान, आणि रक्षक पेशींत हरितकणही कमी. पक्कं करायला फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशीतल्या डीएनएचं प्रमाण मोजणारी तपासणी.

असं एखादं झाड मोठ्या शेतात निघायचंच, कुठल्याही चांगल्या लॉटमध्ये. पैदासकार तर प्रयोगशाळेत परागापासून मुद्दाम अशी झाडं करतात आणि कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट करून शुद्ध ओळी मिळवतात. या झाडाला भेसळ म्हणून मोजणं चूक आहे, आणि मी तसं अहवालात स्पष्ट लिहिणार आहे.

१९ ऑगस्ट

बियाणं कंपनीचे प्रतिनिधी आले होते. पहिलंच वाक्य, ‘सगळं मागच्या पिकाचं आहे.’ मालकांचं वाक्य, ‘सगळं बियाण्यातलं आहे.’ दोघांनाही ‘सगळं’ सोडायला लावण्यात सकाळ गेली. फिती, जीपीएसच्या खुंट्या, लॉटचा नकाशा, टॅगचे फोटो, एकेक करत शेतात चालत गेलो. तासाबाहेरची वंध्य झाडं मागच्या पिकाची, हे मालकांनी मान्य केलं. ब मधल्या तासातल्या उंच झाडांपाशी प्रतिनिधींना सांगण्यासारखं काही राहिलं नाही, ‘ग्रो-आउटची वाट बघू’ म्हणाले. ते योग्यच आहे.

पानांवर तणनाशक-सहनशीलतेच्या पट्ट्या लावून बघितल्या. पानाचा तुकडा द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची, पाच-दहा मिनिटांत रेघ. तासाबाहेरच्या झाडांत बऱ्याच जणांना पेरलेल्या वाणापेक्षा वेगळीच रेघ आली, म्हणजे ती या पिशवीतली नाहीतच. ब मधल्या उंच झाडांना मात्र पेरलेल्या वाणाचीच रेघ आली. नुसत्या पट्टीवर थांबलो असतो तर ती झाडं ‘योग्य’ ठरली असती. पट्टी एक प्रथिन बघते, वाण बघत नाही.

३१ ऑगस्ट

काचघरात ग्रो-आउट फुललं. अ मध्ये सगळी एकसारखी. ब मध्ये तीच उंच, आधी फुलणारी झाडं, शेतात होती त्याच प्रमाणात. ब चा दोष पिशवीतला, आता यावर वाद नाही. ते प्रमाण प्रमाणीकरणाच्या मर्यादेत बसतं की नाही ते प्रमाणीकरण यंत्रणा ठरवेल, आपण नमुना, पद्धत आणि मोजणी द्यायची. दोन्ही बाजूंना एकाच वेळी पाठवलं. पानांचे नमुने मार्कर तपासणीला (डीएनएवरून ओळ ओळखायची तपासणी) गेले, नर ओळ स्वतःच मिसळलीये का ते त्यातून कळेल.

पीसीआर पॉझिटिव्ह, फुगीर शेंगा ॲस्टर यलोजच.

८ सप्टेंबर

कापणी. मुख्य खोडावरच्या ६० टक्के दाण्यांचा रंग बदलला की कापायचं. पण शेतात दोन वयाची झाडं आहेत, वंध्य आणि तणनाशकाने मागे पडलेली अजून हिरवी. त्यांची वाट बघितली तर चांगल्या शेंगा फुटतात, नाही बघितली तर हिरवे दाणे येतात. बहुसंख्य झाडांवर निर्णय घेतला, त्या खुंट्या ठोकलेल्या पट्ट्याची कापणी वेगळी ठेवली आणि त्याचा माल वेगळ्या कोठीत. वेगळी झाडं दिसली की मालकांना खरा फटका इथे बसतो, उत्पन्नात नाही तर प्रतवारीत.

१६ सप्टेंबर

हिरव्या दाण्यांची तपासणी. शंभर दाण्यांच्या पाच पट्ट्या, रुळाने चिरडायच्या, ५०० पैकी स्पष्ट हिरवे किती ते मोजायचं. कॅनडाच्या प्रतवारीत पहिल्या प्रतीला २ टक्के, दुसऱ्या प्रतीला ६, तिसऱ्या प्रतीला २० पर्यंत चालतात. मुख्य माल पहिल्या प्रतीत बसला, वेगळा ठेवलेला पट्ट्याचा माल दुसऱ्यात. एकत्र केला असता तर सगळाच धोक्यात आला असता. मध्ये हलकं दव गोठलं होतं, दाण्यात २० टक्क्यांहून जास्त ओल असताना थंडी लागली तर हिरवा रंग घालवणारी क्रिया थांबते आणि तो रंग तसाच राहतो, पण आपली कापणी त्याआधी झाली होती.

क्लीव्हर्स या तणाचे (गॅलियम) दाणे थोडे सापडले, आकार कॅनोलाएवढाच असल्यामुळे चाळणीतून सुटतो. तेलाची तपासणी : इरुसिक आम्ल २ टक्क्यांच्या आत, पेंडीत ग्लुकोसिनोलेट ग्रॅमला ३० मायक्रोमोलच्या आत. या दोन अटी पाळतो म्हणूनच त्याला कॅनोला म्हणतात, आणि जमिनीतून जुनी मोहरीवर्गीय झाडं उगवली तर आधी इथे दिसतं. माल ८ टक्के ओलाव्यावर कोठीत गेला.

मालकांनी विचारलं, अ चांगला निघाला तर त्यातलंच पुढच्या वेळी पेरू का. नको म्हटलं. ५ जुलैला तासाबाहेर जे बघितलं तेच मग तासात दिसेल, चारात एक.

२ ऑक्टोबर

मार्करचा निकाल : ब मधली उंच झाडं म्हणजे हायब्रीडची नर ओळ, काढणीच्या वेळी मादीत मिसळलेली. म्हणूनच तणनाशकाची रेघ बरोबर येत होती. कंपनीने ते लेखी मान्य केलं, भरपाईचं त्यांचं आणि मालकांचं बोलणं चालू आहे.

मालकांसोबत पुढचं ठरलं. या तुकड्यात काढणीनंतर नांगर घालायचा नाही, सांडलेलं वरच राहू द्यायचं, पक्षी-किडे खातील, ओलीने उगवेल, थंडीने मरेल, गाडलं की पुन्हा तीच सुप्तावस्था. मध्ये निदान तीन वर्षं कॅनोला नाही. फवारणी मशीनच्या गाळण्या आणि बूमची टोकं प्रत्येक औषध बदलताना उघडून धुवायची, त्याची वही मशीनलाच बांधून ठेवलीये. क चं उरलेलं बियाणं परत वापरणार नाही. सीलबंद नमुन्यांचा दुसरा भाग बोलणी संपेपर्यंत आपल्याकडेच राहील, पेटीवर लॉट नंबर आणि तारीख लिहिलीये.